मधुकररावांचे एकशे चौदा साग

२ नोव्हेंबर, पहाटे पाच (प्रत्यक्षात पावणेनऊ)
रिटायर होऊन दोन महिने झाले. झोपा पुरे. आजपासून मिशन : ज्यांच्या मालकीचं जंगल आहे, त्यांना ते राखायला लावायचं. बायको म्हणाली, आधी बाल्कनीतली तुळस राखा. दुर्लक्ष केलं.

९ नोव्हेंबर
कुहीपर्यंत बस, पुढे पायी. जीव गेला. मधुकररावांचं पाच एकर जंगल, आजोबांपासूनचं. त्यांना पाऊण तास पर्यावरण सांगितलं. ते मान डोलावत होते. नंतर कळलं, डुलकी होती. त्यांच्या पत्नी मनकर्णाबाईंना गुडघ्यांमुळे उठवत नाही. त्यांना रोज जंगलात फिरायचा सल्ला दिला.

१६ नोव्हेंबर
आयडिया! आपल्याकडे काय आहे हेच माणसाला माहीत नसतं. मोजून दाखवलं की माया लागते. झाडं मोजणार.

१४ डिसेंबर
महिना गेला, कंबरही गेली. एकशे चौदा साग. प्रत्येकावर पांढरा नंबर, टेपने घेर, टाइप केलेली यादी, वर लॅमिनेशन. मोहाचं एक वाकडं झाड सोडलं, काट्यांत कोण शिरणार. मधुकररावांनी यादी दोनदा वाचली. डोळ्यांत चमक आली. जिंकलो.

११ जानेवारी
त्यांचा फोन नाही. मीही केला नाही. मालकाला विचार करायला वेळ द्यावा. शिवाय थंडी.

५ एप्रिल
जायचं होतं. ऊन फार. पुढचं गाव निवडायला हवं. नकाशा उघडला, झोप लागली.

१७ मे
शेवटी गेलो. लांबूनच उजेड जास्त वाटला. साग नाहीत. एकशे चौदा खोडकं. जानेवारीतच तोडायची परवानगी काढली म्हणे. ठेकेदाराने माझीच यादी धरून सौदा केला, एक चूक निघाली नाही. क्षणभर बरं वाटलं. मग फार वाईट वाटलं.

मधुकरराव हात जोडून म्हणाले, "तुमी मोजून देलं म्हणून तं समजलं, साहेब. आमी आपलं नुसतं जंगल म्हणत होतो."

रागवायचं ठरवत होतो, तेवढ्यात मनकर्णाबाई चहा घेऊन आल्या. चालत. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. चहा घेतला.

मोह तेवढा उभा आहे. त्यावर नंबर नव्हता.

माझा सल्ला मनकर्णाबाईंनी मानलाय म्हणे. रोज जंगलात फिरतात. मोहापर्यंत जातात, आणि परत येतात.