कोंडाबाईंच्या आठवणीचे गुण पुन्हा तपासावेत

प्रति,
मा. प्रमुख,
वृद्धांचा मेंदू व आनुवंशिकता पाहणी पथक,
मुक्काम लातूर.

विषय : श्रीमती कोंडाबाई पंढरी सोनकांबळे यांच्या स्मरण-चाचणीची फेरतपासणी होणेबाबत.
संदर्भ : आपल्या पथकाचे गुणपत्रक, तीसपैकी अकरा.

महोदय,

अर्जदार धम्मानंद हा कोंडाबाईंचा मुलगा. लातुरात एका गुणासाठी पोरांचे पेपर पुन्हा तपासले जातात. आईचा का नको, एवढेच त्याचे विचारणे आहे.

प्रश्न २. गाव कुठे? आईने ओढ्याकाठचे जुने गाव सांगितले. भूकंपानंतर गाव माळावर आले, नाव तेच राहिले. ती म्हणते, "गाव तिथंच हाय, मानसं हालली." उत्तर बरोबर धरावे.

प्रश्न ४. घरात माणसे किती? ती सहा म्हणाली. आहेत चौघे. परंतु भिंतीखाली गेलेला नवरा व धाकटी लेक यांना ती डोके शाबूत असतानाही मोजत होती. यात विसरणे कुठले?

आपल्या देविका मॅडमनी समजावले, की अर्जदाराच्या आईची आई, मावशी व आता आई, म्हणजे धोका रक्तातून येत असावा. पण तो प्रत्येकाला गाठतोच असे नाही. अर्जदारास पटले. त्याची मुलगी लुंबिनी हिला पटले नाही. ती लातुरात डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचा क्लास करते. तिने वहीत घराण्याची आकृती काढली, बायांना वर्तुळ, गड्यांना चौकोन. तिघींची वर्तुळे काळी केली, बापाचा चौकोन अर्धा, आणि स्वतःच्या वर्तुळावर पेन्सिल टेकवून बसली. तेव्हापासून तिचे क्लासला जाणे बंद आहे. विचारते, "इसरायचंच हाय तर पाठ कशाला करू, पप्पा?"

परीक्षा तोंडावर आहे. आईचे सुधारित गुणपत्रक लुंबिनीच्या नावे पाठवावे.

पथकास अर्जदाराचे रक्त हवे होते, तेव्हा त्याने बाही खाली ओढली. आता तो देईल. अहवाल मात्र परीक्षा होईपर्यंत कोणी उघडू नये.

प्रश्न ६ बाबत तक्रार नाही. सोबत कोण आले, असे विचारता आई अर्जदाराकडे बघून म्हणाली, "कुनाचं तरी लेकरू हाय. भलं हाय, सावलीत बसवलं मला." तिथला शून्य कायम ठेवावा.

लुंबिनीस तो दिसू नये, ही हात जोडून विनंती.

आपला नम्र,
धम्मानंद पंढरी सोनकांबळे
ता. औसा, दि. ८ जानेवारी २०१९

सोबत : गुणपत्रकाची झेरॉक्स. प्रश्न ६ वर कोरा कागद ठेवून काढली आहे. आपणही तशीच काढावी.