जाताना अडतं

३ मार्च, मंगळवार

आज पुन्हा तेच. बाबांनी चपला घातल्या, काठी घेतली, दाराशी थांबले आणि म्हणाले, "जातो."

बस्स! आई असती तर सदऱ्याला धरून मागे ओढलं असतं. "जातो काय? येतो म्हणा!" आई जाऊन वर्ष होईल. तेव्हापासून बाबांच्या तोंडून 'येतो' ऐकलेलं नाही. रोज सकाळी वाचनालयात जातात, रोज साडेबाराला परत येतात. मी कारखान्यातून घरी फोन लावते. त्यांनी उचलला की मग डबा उघडते. अठ्ठ्याहत्तर वय. किती वेळा सांगून झालं!

त्याच वाचनालयात गेल्या महिन्यात माझं फिरतं फाटक बसलं. कमरेएवढा खांब आणि तीन दांड्या. एक ढकलली की ती खाली जाते आणि दुसरी आडवी येऊन उभी राहते. टक्! चार महिने खपून काढलेली रचना. बाबांनी बोटाने ढकलली तरी फिरावी, एवढाच हट्ट होता माझा.

४ मार्च

ग्रंथपालबाईंचा फोन. "तुमचं फाटक येताना छान चालतं हो, पण जाताना अडतं. काल एका आजोबांच्या पोटात दांडी बसली."

आजोबांच्या! घरी येऊन आधी बाबांना विचारलं.

"मला? छे! मला कधीच अडलं नाही. लोण्यासारखं फिरतं."

मग अडतं कुणाला?

६ मार्च

कारखान्यात ठेवलेलं दुसरं फाटक उघडलं. आत तीन उंचवट्यांचं चाक, त्याच्यावर स्प्रिंगने दाबलेला रोलर. माणसाने दांडी अर्ध्यापर्यंत ढकलायची, पुढे स्प्रिंगच ओढून नेते. शेवटी दणका बसू नये म्हणून तेलाचा डँपर. आणि दोन खिट्या, एक आत येणाऱ्याला अडवायला, एक बाहेर जाणाऱ्याला. चौकीदाराच्या पायाशी दोन पेडल, 'येणे' आणि 'जाणे'. जे दाबावं त्याची खिटी उचलली जाते. अक्षरं माझीच, मीच रंगवलेली.

फिटर आणि मी आळीपाळीने हजार वेळा फिरवलं. एकदाही अडलं नाही! फिटर म्हणाला, "मॅडम, याला दृष्ट लागलीय. काढून टाका." नट काढल्यासारखं सांगतो!

सातशेच्या पुढे मला गुंगीच आली. टक्. टक्. एक जाते, एक येते. एक जाते, एक येते. आपण दांडी ढकलतोय की दांडी आपल्याला पुढे नेतेय, तेच कळेना. खिडकीतून ऊन आलं होतं, तेलाचा वास, आणि फिटरचे आकडे कुठून तरी लांबून ऐकू येत होते.

८ मार्च, रविवार

दुपारी डोळा लागला. धुक्यात एक फाटक. भिंत नाही, कुंपण नाही, नुसतं फाटक! बाजूने कुणीही गेलं असतं, पण सगळे रांगेत. आई पलीकडे उभी, खांद्याला तिची निळी पिशवी. दांडीवर हात ठेवला होता. ढकलत नव्हती, जोर करत नव्हती. तिला कसली घाईच नव्हती.

उठले तेव्हा बाबा समोर पेपर वाचत बसलेले. सांगावंसं वाटलं, सांगितलं नाही.

ऑपरेशनला नेताना ती स्ट्रेचरवरून बाबांना म्हणाली होती, "येते हं." हसत म्हणाली होती. नंतर महिनाभराने बाबांना मी पहिल्यांदा टोकलं, तेव्हा ते एवढंच बोलले, "ती म्हणालीच होती की. आली?"

१० मार्च

वाचनालयात दोन तास बसले. चौकीदारकाकांची पाठ फाटकाकडे. समोर पिशव्यांची मांडणी. पिशवी घ्या, बिल्ला द्या, बिल्ला घ्या, पिशवी द्या. मान वर करायला फुरसत नाही, पाय तेवढे पेडलवर. बाहेर पडताना तिघं अडले. एक मुलगी, एक वकील, एक जाडजूड गृहस्थ. तिघांत काय सारखं? काही नाही! मी स्वतः पिशवी देत-घेत वीस वेळा गुपचूप आत-बाहेर केलं. वीसही वेळा सुरळीत.

ग्रंथपालबाई म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत बघा, नाहीतर घेऊन जा उचलून."

१२ मार्च

सापडलं!!

खांबाचं झाकण उघडलं, पुसलं, लावलं. काहीच मिळालं नाही. हरून निघाले आणि सवयीने म्हटलं, "येते हं काका." ढकलली दांडी, ती ढिम्म! पोटात अशी बसली की डोळ्यांपुढे तारे.

"काका, काय दाबलंत?"

"तुम्ही येते म्हणालात ना? मग 'येणे' दाबलं."

सगळं वाचनालय निघताना म्हणतं, "येतो काका, येतो हं." आणि काका पाठमोरे बसून, कानाने ऐकून, इमानाने 'येणे' दाबतात! न बोलता जातात त्यांचा बिल्ला बघून 'जाणे' दाबतात, ते सुटतात. माझी खिटी, माझी स्प्रिंग, सगळं ठणठणीत. चुकली ती माझी अक्षरं.

तिथेच बसून हसत होते. तेवढ्यात काका म्हणाले, "तुमचे वडील मात्र कधी अडत नाहीत. फार स्पष्ट माणूस. जातो म्हणजे जातो."

हसू तिथेच विरलं. संध्याकाळी घरी कशी पोचले, रस्ता आठवत नाही.

१३ मार्च, शुक्रवार

सकाळी पेडलांवरची अक्षरं खरवडून 'आत' आणि 'बाहेर' रंगवलं. ग्रंथपालबाई खूश.

जेवताना बाबांना सगळं सांगितलं. आधी ऐकत होते, मग घास हातातच राहिला आणि हसायला लागले. ठसका लागेपर्यंत! वर्षभरात पहिल्यांदा. "म्हणजे येतो म्हणणारे सगळे अडकले, आणि मी तेवढा सुटलो?"

"हो ना!"

बाबा पाणी प्यायले. मग अगदी हळू, "तिचंही तसंच झालं असेल गं. ती येते म्हणाली ते खरंच होतं. कुणीतरी पाठमोरं बसलं होतं, त्याने भलतंच दाबलं."

मला पुढे जेवता आलं नाही. त्यांनाही. दोघं तसेच बसलो, हात वाळेपर्यंत.

१४ मार्च

चपला, काठी, दार.

"येतो गं."

आणि दोन मिनिटांत खरंच आले! चष्मा विसरला होता. तो घेतला, आणि दाराशी पुन्हा, "येतो."