वाघोबाच्या टेकडीवर बंडी

नागपूर, ४ डिसेंबर १९७९

तीर्थरूप बाबांना,
महादेवचा दुरूनच पाय धरून नमस्कार.

मी मजेत आहे. खानावळीत ज्वारीची भाकर मिळते. मायचा गुडघा कसा आहे?

अधिवेशनासाठी एका कायद्याचा मसुदा टाइप करून राहिलो. त्यात आपली वाघोबाची टेकडी निघाली! एका कलमात म्हणते, शहरातल्या लोकांनी तिथे मौजेखातर जीप अन् फटफट्या पळवाव्या. दुसऱ्यात म्हणते, गवताची काडीही मोडू नये. दोन्ही कसं जमते, मले समजून नाही राहिलं.

चूक माझीच झाली असन. साहेबांनी विचारलं, "टेकडीवर कोणी जातं का?" मी अभिमानानं सांगितलं, "देवाची जागा आहे साहेब, आमच्या गावची एकही बैलबंडी वर चढत नाही. चपलाही पायथ्याशीच काढतो." त्यांनी लिहिलं, 'वापरात नसलेली जागा.' तेही मीच टाइप केलं.

सोमवारी पाहणीवाले येतीन. चाकाची खूण नसली तर जागा रिकामी धरून ताब्यात घेतात म्हणे. बाबा, रविवारी बंडी जुंपून वर नेता का? नको, नेऊ नका. नाही, न्याच.

वाघोबा कोपला तर त्याले माझं नाव सांगा.

तुमचा,
महादेव