न घेतलेल्या स्टोव्हचा तगादा

पिंपरी,
ता. १२ नोव्हेंबर १९५६

तीर्थस्वरूप सौ. जाऊबाई यांसी,
कृ. सा. न. वि. वि.

फराळाचा डबा पोचला. करंज्या ह्यांनी एकट्यांनी फस्त केल्या, माझ्या वाट्याला डबा घासणं आलं. माझी तब्येत आता ठणठणीत आहे. श्रावणात तुम्ही महिनाभर इथे राहून माझं तापाचं दुखणं काढलंत म्हणून हे दिवस दिसताहेत.

आता आमच्या घरातली गंमत ऐका. गंमत कसली, डोक्याला ताप आहे! पुण्याच्या एका दुकानाचं पत्र ह्यांच्या नावावर आलं. आपल्या मंडळींनी हप्त्यावर नेलेल्या पितळी स्टोव्हचे पैसे थकले आहेत, ते ताबडतोब भरावेत, असा मजकूर. जाऊबाई, ह्यांची मंडळी म्हणजे मीच ना? मी तर अजून शेगडीपुढे कोळसे फुंकून डोळे लाल करते आहे. मग स्टोव्ह नेणारी ही कोण सटवी? ह्यांना विचारलं तर उलट माझ्यावरच उखडले. घेतलास तर घेतलास, पण लपवलास कुठे ते तरी सांग, म्हणाले, आणि खाटेखाली वाकून बघायला लागले. त्या दिवसापासून मी ह्यांना जेवताना चटणी वाढणं बंद केलं आहे.

पुढे ऐका. दुकानाचा वसुलीवाला येतो, अर्जुनराव नावाचा. बोलायला गोड, पण हटायला तयार नाही. पैसे मिळाले नाहीत तर कारखान्याच्या फाटकावर जाऊन साहेबांच्या कानावर घालीन म्हणतो. तुम्हाला ठाऊकच आहे, ह्यांना औषधाच्या कारखान्यात लागून वर्ष होत आलं. कायम करायचं की घरी पाठवायचं ते पुढच्या महिन्यात ठरणार. ऐन वेळी फाटकावर बोभाटा झाला तर आम्ही बोचकं बांधून गावी यायचं का? मला रडूच येतं बाई. भरून मोकळं व्हावं तर माझ्या औषधांत सगळं संपलेलं. आणि न घेतलेल्या वस्तूचे पैसे का म्हणून भरायचे?

सासूबाईंना दंडवत, थोरल्या भावजींना नमस्कार. तुमच्या मायेच्या पदराखाली मला अशीच राहू द्या.

तुमची धाकटी,
इंदू

वाठार,
ता. १९ नोव्हेंबर

चि. सौ. इंदूस,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

पत्र वाचून जीव खालीवर झाला. आधी भावजींना चटणी वाढ बघू! एक बायको सांभाळताना त्यांना घाम फुटतो, ते दुसरी कुठून आणतील?

स्टोव्हबिव्ह आपल्याला काय कळणार म्हणा. तो वसुलीवाला फार रागीट आहे का गं? एखादीने थकलेले पैसे हळूच पाठवले तर तो गप्प बसेल का? मी आपली सहज विचारते.

इकडे सगळं क्षेम आहे. फक्त अलीकडे भाकरीला रॉकेलचा वास येतो. सासूबाई गिरणीवाल्याच्या नावानं खडे फोडतात. मीही मान डोलावते. त्यांचा चहावरचा रागही तसाच आहे. चहानं रक्त जळतं म्हणतात आणि घरात पूड येऊ देत नाहीत. मला तुझ्याकडे दोन वेळची सवय लागली, ती काही सुटत नाही. असो.

काळजी करून पुन्हा अंथरूण धरू नकोस. लोभ आहेच, तो वाढव.

सावित्री

पिंपरी,
ता. २८ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप सौ. जाऊबाई यांसी,
कृ. सा. न. वि. वि.

वा जाऊबाई, वा! धन्य तुमची!

शेजारची रोशनबी गणपतीपासून जुन्नरला माहेरी होती, ती काल परतली. तिच्यापुढे रडगाणं गायले तर ती पोट धरून हसत सुटली. श्रावणात मी तापानं ग्लानीत पडलेले असताना दारात एक स्टोव्हवाला आला होता म्हणे. तुम्ही पायरीवर बसून स्वतःच्या हातानं पंप मारून पाहत होतात. त्यानं नवऱ्याचं नाव विचारलं तेव्हा पदर तोंडाला लावून तुम्ही नुसतं आमच्या दाराकडे बोट केलंत. रोशनबीला त्यात काही वावगं वाटलं नाही. तीही तिच्या मालकाचं नाव घेत नाही. दारावर पाटी ह्यांची. त्यानं तीच वाचली आणि वहीत उतरवली. म्हणजे वहीप्रमाणे आपण दोघी सवती झालो की हो!

मी हसून हसून बेजार झाले. मग ह्यांना चटणी वाढली, तीही दोनदा.

पण हे हसण्यावारी नेऊ नका. ह्यांनी अर्जुनरावांना सगळं सांगितलं, तर ते म्हणाले की पैसे थकवणाऱ्या प्रत्येकाचा एक भाऊ गावी असतोच. त्यांच्या दुकानाची रीत अशी की वहीतलं नाव बदलायचं तर माल नेणारानं स्वतःच्या तोंडानं, घरच्या माणसासमोर, घरधन्याचं खरं पुरतं नाव सांगायला हवं. तुमचं ऐकायला ते येत्या सोमवारी साताऱ्याकडे जाताना वाठारला उतरणार आहेत. काम झालं नाही तर परत आल्यावर थेट फाटक. जाऊबाई, ह्यांची नोकरी आता तुमच्या जिभेवर आहे.

रागावू नका, आणि माझ्यावरचा जीव कमी करू नका.

तुमची जाऊ की सवत,
इंदू

वाठार,
ता. १ डिसेंबर

चि. सौ. इंदूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पकडलंस गं बाई! कणगीच्या आडोशाला बसून लिहिते आहे. स्टोव्हही याच कणगीत आहे, ज्वारीत गळ्यापर्यंत पुरलेला. भाकरीच्या वासाचं आता तुला कळलं असेल. दुपारी गिरणीचं इंजिन पुकपुकायला लागलं की मी तो बाहेर काढते, म्हणजे त्याची भरभर कुणाला ऐकू जात नाही. एक कप करते, उभ्यानंच पिते आणि पुन्हा पुरते. चहाची पूड मसाल्याच्या डब्यात, जिऱ्याखाली.

देवाशपथ सांगते, मी दाराकडे बोट केलं ते एवढ्याचसाठी की संध्याकाळी भावजी येतील, त्यांना नाव विचारा. तो बाबा घाईत. पाटी वाचली, भराभर लिहिलं आणि मला मोठ्यानं वाचून दाखवलं. चूक माझ्या ध्यानात आली. पण सुधारायची म्हणजे पुन्हा नावच घ्यायचं! लाजेनं मान खाली घातली, त्याला वाटलं मी हो म्हणाले.

अंड्यांचे पैसे साठवून मनीऑर्डर करणार होते. पण इथला पोस्टमन ज्योतीराम म्हणजे सासूबाईंचा सख्खा भाचा. मनीऑर्डर पुण्याला पोचायच्या आत बातमी ओसरीवर आली असती.

सासूबाईंना कळलं तर घरात चोरून चूल मांडली म्हणून मला माहेरची वाट दाखवतील. भीती वाटते गं. पण माझ्या चहापायी तुझा संसार उठला तर मला घास गिळवणार नाही. येऊ दे त्याला. सांगेन मी.

देवापुढे माझ्यासाठी उदबत्ती लाव.

सावित्री

पिंपरी,
ता. १३ डिसेंबर

ती. वहिनीस,
शि. सा. न.

अर्जुनराव काल दारात येऊन वही उघडून दाखवून गेले. माझं नाव खोडलेलं आहे. तिकडे काय झालं ते विचारलं तर तुमच्या मातोश्रींना माझा दंडवत कळवा, एवढंच म्हणाले आणि डोळे पुसत सायकलवर बसले. तुम्ही त्या माणसाला खायला काय घातलंत? आज कारखान्यात मला कायम केल्याचं सांगितलं. इंदूनं आनंदाच्या भरात पुन्हा चटणीच वाढली. सविस्तर लिहा, नाहीतर ही मला झोपू देणार नाही. दादास नमस्कार. दिराला विसरू नये.

आपला,
उद्धव

वाठार,
ता. २० डिसेंबर

चि. सौ. इंदूस व भावजींस,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

कायम झाल्याचं वाचून आम्ही गूळ वाटला. आता सविस्तर ऐका.

हे गुऱ्हाळावर गेले होते. सासूबाई ओसरीवर तूर पाखडत होत्या. अर्जुनराव आले आणि भावजींचं नाव घेऊन त्यांची मंडळी इथे असते का, असं विचारू लागले. सासूबाईंनी सांगितलं, ती पिंपरीला असते. ते म्हणाले, ती नव्हे, दुसरी. सासूबाईंनी हातातलं सूप असं काही उगारलं की बिचारा अंगणात उतरला! मग मी कणगीत हात घातला आणि स्टोव्ह आणून मधोमध ठेवला. त्यातून ज्वारी सांडत होती. सगळं सांगितलं आणि अंड्यांच्या पैशांतून थकलेलं चुकतं केलं. पुढचे हप्ते माझ्या घरच्यांच्या नावावर लिहा म्हटलं. त्यांनी वही उघडली. कोणाच्या मंडळी, म्हणाले.

जीभ काही हलेना. मग डोळे मिटले आणि लग्नातल्यासारखा उखाणाच घेतला:

पितळेच्या स्टोव्हला तीनच पाय,
चहावर धरते दुधाची साय,
…रावांचं नाव घेतलं, आता लिहिता की न्हाय?

मोकळ्या जागेत यांचं नाव खरंच घेतलं हो, भर दुपारी, परक्या माणसापुढे!

अर्जुनराव हसले, लिहिलं, आणि पुढे विचारलं, वडिलांचं नाव? पुन्हा अडलं. मामंजींचं नाव मी कशी घेणार? सासूबाईंकडे पाहिलं तर त्या मान खाली घालून तुरीत बोटं फिरवत होत्या. अर्जुनराव म्हणाले, यांच्या नावाचे तर गावात चौघे निघतील, अर्ध्या नावावर पहिलं नाव खोडता येणार नाही. त्यांची एस.टी. यायची वेळ झाली होती. वही मिटून ते उठले.

तेवढ्यात सासूबाईंनी सूप बाजूला सारलं, पदर सारखा केला आणि मामंजींचं नाव घेतलं. सरळ, उखाण्याबिखाण्याशिवाय. अर्जुनरावांनी ते लिहिलं, तरी सासूबाईंनी ते पुन्हा एकदा घेतलं. मामंजी गेल्याला इतकी वर्षं झाली, मी या घरात आल्यापासून त्यांच्या तोंडून ते नाव कधी ऐकलं नव्हतं. जिवंत होते तेव्हा घ्यायची लाज वाटली, आणि गेल्यावर विचारायलाच कोणी आलं नाही, असं म्हणाल्या. इंदू, मला रडू आवरेना. अर्जुनराव वहीत तोंड घालून बसले.

आता बोलणी खायची म्हणून मी उभी राहिले. सासूबाईंनी एवढंच विचारलं, की माझ्या पोटच्या पोराला रॉकेलची भाकरी आणखी किती दिवस घालणार आहेस? आणि गिरणीवाल्याची माफी कोण मागणार? मग म्हणाल्या, पेटव ते, पाहुणा कोरडा जाता कामा नये. स्वतः अर्धा कप घेतला, तोंड वाकडं केलं आणि साखर कमी आहे म्हणाल्या. आता रोज दुपारी गिरणी सुरू झाली की स्टोव्हकडे बघत बसतात. चहानं रक्त जळतं हे अजूनही म्हणतात, पण कप हातात धरून.

हे पत्र लिहिताना शेजारीच बसल्या आहेत. लिहिणारीचं नाव पुरतं घाल म्हणतात. अर्ध्या नावाचा घोळ निस्तरला एवढा बास झाला. मी टाक धरून थांबले तर एकेक नाव त्यांनी स्वतः सांगितलं. सगळ्यात मोठ्यानं कोणतं सांगितलं, ते तू ओळख. अक्षर वाकडं आलं तर चालवून घे.

आमच्यावर अशीच माया धर, आणि सुट्टीत चहाला या.

तुझी जाऊ,
सौ. सावित्री सयाजी चिमाजी भोईटे