फळीमागचं नाव

४ नोव्हेंबर १९७४, पाचगणी
पोचलो एकदाचा! तासगावात मनुक्यांच्या शेडी ठोकून जीव विटला हुता. हितं हंबीररावांच्या बंगल्यात पुस्तकांचं जर्मन कपाट दुरुस्त करायचंय, दीडशे वर्सांचं. अक्रोडाचा पापुद्रा असा चिकटवलाय की दोन्ही दारांवरची नक्षी आरशागत जुळती. काळे खांब, वर काच, खिळा एक न्हाई. करणाऱ्याच्या हाताला सलाम, गड्या! मालक मात्र तिरसट. आल्या आल्या म्हणला, फळी फोडलीस तर बघ. आयला, मी काय लाकूडतोड्या हाय?

५ नोव्हेंबर
मागची फळी काढली. आत पेन्सिलीनं दोन नावं. एक जर्मन, दुसरं नाथाजी सुतार, १९५१. दोघांच्याखाली दोन-दोन तारखा. कामाला हात लावल्याची आन संपल्याची असणार. दिसणार न्हाई तिथं नाव घालायची रीत आमच्यातबी हाय. पर मी माझं न्हाई, लेकीचं घातलं. विजयमाला हरिबा सुतार, ५ नोव्हेंबर. सा वर्सांची हाय. दिवाळीला येतो म्हणून तिला शब्द देऊन आलोय.

७ नोव्हेंबर
तिच्या नावाखाली दुसरी तारीख पडलीय. १३ नोव्हेंबर. मी लिहिली न्हाई, पर अक्षर माझंच. स्वैपाकाच्या बनुबाईला इचारलं. तिच्या हातातली परात पडली. म्हणली, नाथाजीची दुसरी तारीख त्याच्या मरणाची. काम अर्धंच ऱ्हायलं हुतं. मालकाला सगळं ठावं हुतं. वाटोळं हो त्याचं!

९ नोव्हेंबर
खोडरबरानं पुसलं. रंध्यानं तासलं. जितकं तासावं तितकं नाव खोल. फळी चुलीत घातली, नवी सागाची बसवली. दुपारी बघतो तर सागावर — विजयमाला. तारीख तीच.

११ नोव्हेंबर
घरची तार. पोर तापानं फणफणलीय. पळून जाऊ? नाव तर हितंच —
बनुबाई म्हणली, नाथाजीनंबी आधी पोराचं नाव घातलं हुतं; मागनं सोताचं घातलं तवा पोराचं पुसलं गेलं आन पोर वाचलं. जुनी मानसं सांगायची.

१२ नोव्हेंबर, सकाळ
माझं नाव घातलं. हरिबा सुतार. ठळक.

दुपार
तिचं पुसट हुतंय! खरंच हुतंय —

माझ्याखाली दुसरी तारीख. पेन्सिल माझ्याच हातात. हात माझं ऐकत न्हाई. तेरा न्हाई — बारा. आजची.
दार लागलंय. मालक भायेर हुबा हाय, उघडत न्हाई.
विजय गेलं. माला उरलंय. दोनच तर अक्षरं, जा की, मुडद्या — मा गेला, ला ऱ्हायलाय —
ला —