चौथी लाट कोणाच्या नावे

मी, सत्यवती शिवदास शेटगावकर, वय वर्षे बासष्ट, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार मोरजी, तालुका पेडणे, गोवा, हे माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहीत आहे. डोके शाबूत आहे. नजर अधू झाली आहे, पण कोणी माझा हात धरून लिहवून घेत नाही. मी अविवाहित आहे, अपत्य नाही, आईवडील हयात नाहीत; त्यामुळे माझे जे काही आहे ते कोणालाही देण्यास मी मोकळी आहे. याआधी मृत्युपत्र केलेले नाही. मुलांची सत्तावीस पुस्तके मात्र केली आहेत, आणि त्यांतल्या एकासाठीच हा सारा खटाटोप आहे.

कलम पहिले. मोरजीचे घर, विहीर आणि सहा माड माझी भावजय तारा मंगेश शेटगावकर हिला द्यावेत. तसे पाहिले तर घर तिचेच आहे. मी मुळगावच्या शाळेत शिकवीत होते तेव्हा शनिवारी येऊन सोमवारी पहाटे जात असे. मुळगावची लाल धूळ पदरात घेऊन यायचे, आणि तारावैनी ती अंगणातच झाडून टाकायची. चूल, तुळस, माझा म्हातारा बाप, सगळे तिनेच सांभाळले.

कलम दुसरे. माझे मेज, आलमार आणि आलमारीतली सर्व पुस्तके भाची सुविधा हिला. सुविधा डिचोलीला परिचारिका आहे. मेजावर पोरीबाळींनी शाई सांडली तर रागावू नये.

कलम तिसरे. हे लांबेल.

माझा धाकटा भाऊ मंगेश त्रेसष्ट साली मुंबईहून जहाजावर चढला. वर्षभर पत्रे आली, मग थांबली. सुविधा तेव्हा चार वर्षांची. 'बाबा कधी येणार' म्हणून ती रोज विचारी, आणि तारावैनी तिला उंबऱ्यावर घेऊन कोकणीत कासवाची गोष्ट सांगे. तारावैनीला अक्षरओळख नाही. पण ती सांगू लागली की सुरूच्या झाडांमागचा समुद्र घरात आल्यासारखा वाटे. भिंती हळूच हलत, आणि मी शनिवारची भुकेली, ताटावर बसलेली, घास विसरून ऐके.

त्या गोष्टीत कासवीण वाळूत अंडी घालून निघून जाते आणि परत येत नाही. पिल्ले पाण्यावरचा उजेड पाहतात आणि आपली आपण चालू लागतात.

मी ती मराठीत लिहिली आणि शेवट बदलला. कोणी मागितला नव्हता, मीच बदलला. माझ्या पुस्तकात आई चौथ्या लाटेवर थांबलेली असते. पहिली लाट फसवी, दुसरी खारट, तिसरी रागीट, आणि चौथीवर आई. 'चौथ्या लाटेवरची आई' सहासष्ट साली निघाले आणि मी मोठी झाले. सोलापूर, नागपूर, कुठून कुठून मुलांची पत्रे आली : 'बाई, चौथी लाट कुठे दिसते?' सत्कार झाले. मुखपृष्ठावर नाव एकटीचे.

शहाऐंशी साली गोव्याची राजभाषा मराठी की कोकणी हा वाद पेटला तेव्हा पेडण्याच्या सभेत मला व्यासपीठावर बसवले. मी म्हणाले, "कोकणीत गजाली होतात. मुलांचे वाङ्मय मराठीतच होऊ शकते." टाळ्या पडल्या. आमच्या मोरजीच्या सखाराम परबाने हार घातला. मंडपात बायकांमध्ये तारावैनी बसली आहे हे मला ठाऊक होते. तरी बोलले.

घरी आल्यावर तिने मला पेज वाढली आणि विचारले, "बाय, मगे माज्यो काणयो खंयच्या भाशेतल्यो?"

तिच्या गोष्टी कुठल्या भाषेतल्या, हे ती मला विचारत होती; मी पेज संपवून उठले. त्या दिवसापासून तिने गोष्ट सांगणे सोडले. कोकणी राजभाषा झाली, राज्य झाले, सुविधाला मुलगी झाली, प्रतीक्षा. तीन वर्षांची ती आजीच्या मांडीवर चढून म्हणे, "काणी सांग." तारावैनी माझ्याकडे बोट दाखवी. "तिका विचार. तिच्या पुस्तकात आसा."

गेल्या मंगळवारी दुपारी सोप्यावर बसून मी तिला हा मसुदा वाचून दाखवला. त्यात लिहिले होते की, यापुढे पुस्तकावर आधी ताराचे नाव यावे, मग माझे. मला वाटले, ती रडेल.

ती म्हणाली, "नाव नाका माका. ती लाट काड."

"का?"

तेव्हा तिच्याकडून कळले. सुविधा सात वर्षांची असताना माझे पुस्तक वाचून एकटी किनाऱ्यावर गेली होती. लाटा मोजत पाण्यात शिरली. चौथीवर बाबा असेल म्हणून. तारावैनीने तिला ओढून काढले तेव्हा पाणी गळ्याशी होते. चोवीस वर्षे ही बाई माझ्यासाठी भाकऱ्या भाजत होती आणि एका शब्दाने बोलली नव्हती.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारले.

"तुजें नाव जाल्लें," ती म्हणाली. "आनी पोर वाचलें."

मी पान फाडले. म्हटले, वैनी, तू सांग, मी लिहिते. मग ऊन सुरूंतून उतरून पायरीवर आले आणि ती सांगू लागली, पाच वर्षांनी. मी जन्मभर बोलले ती भाषा पहिल्यांदा कागदावर लिहीत होते. शब्दाशब्दाला अडखळत होते, पहिलीतल्या पोरीसारखी.

म्हणून : जुने पुस्तक पुन्हा छापू नये. त्याऐवजी तारा शेटगावकर हिने सांगितलेली गोष्ट, तिने सांगितली तशी, कोकणीत आणि शेजारी मराठीत छापावी. नाव तिचेच घालावे. ती नको म्हणाली तरी या एका बाबतीत माझे चालावे. सर्व हक्क तिचे. ज्या मुलांनी पत्रे लिहिली त्यांचे पत्ते आलमारीत आहेत. ती आता बाप्ये-बायका झाली असतील, तरी प्रत्येकाला एक प्रत पाठवावी.

रविवारी सुविधा आली. मी हस्तलिखित तिच्या हाती दिले. ती जनेलाशी, खिडकीच्या उजेडात, उभी राहून वाचत होती. शेवटची ओळ अशी आहे : 'आवय येना. पिलां उजवाड पळयतात आनी वतात.' आई येत नाही; पिल्ले उजेड पाहतात आणि जातात. तिने पाने जुळवून मेजावर ठेवली, आईकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"आते," ती म्हणाली, "आता राकूंक नाका." आता वाट पाहायला नको.

वर लिहिलेले वाचले, ते माझ्या मनासारखे आहे.

सत्यवती शिवदास शेटगावकर (सही)

आमच्यासमोर सही केली :
१. सखाराम दाजी परब, मोरजी
२. यशोदा नारायण पार्सेकर, शिक्षिका, केरी

मोरजी, दिनांक ११ फेब्रुवारी १९९१