हिरव्या शाईची शेवटची सही

मी, श्रीमती सुमती दत्तोपंत टिपणीस, वय ६८, राहणार धामणकर नाक्यामागची गल्ली, भिवंडी, जिल्हा ठाणे. शासनाची निवृत्त उपसचिव आणि त्यानंतर आठ वर्षे येथील एका विनाअनुदानित महाविद्यालयाची प्राचार्या. हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर दोघातिघांच्या सांगण्याविरुद्ध लिहीत आहे.

माझ्या डोक्यावर परिणाम झाला आहे, असे माझा मुलगा श्रीनाथ दोन वर्षे नातेवाइकांत सांगत फिरतो. म्हणून आज सकाळी डॉ. नीला सामंत यांच्याकडून तपासून घेतले. त्यांनी शंभरातून सात सात वजा करायला सांगितले. मी दोनपर्यंत आले, पुढे उणे पाच म्हणाले, तेव्हा त्यांनीच थांबवले. दाखला सोबत जोडला आहे. कोर्टात जायची हौस असेल त्याने तो आधी वाचावा.

कलम १. वळ येथील माझ्या नावाची अकरा गुंठे जमीन श्रीनाथला द्यावी. तिथे गोदामे उठू लागली आहेत, त्यानेही बांधावे. तो माझा एकुलता एक मुलगा आहे आणि मला त्याची माया आहे. पण मायेपोटी मी चुकीच्या कागदावर सही करत नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

कलम २. माझ्या चार बांगड्या आणि मोहनमाळ सून सुचेता हिला. तिच्याशी माझे भांडण नाही. श्रीनाथशी एवढी वर्षे संसार केला, त्याबद्दल आणखीही काही द्यायला हवे होते, पण माझ्याकडे तेवढेच आहे.

कलम ३. निरोप समारंभात मिळालेली शाल कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष केसरीनाथ यांना परत करावी. नारळ खाल्ला आहे. मी ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ राजीनामा दिला असे त्यांनी त्या दिवशी भाषणात सांगितले. माझी प्रकृती उत्तम होती. मला काढले, असे वाचावे.

कलम ४. राहते घर. भांडण याचेच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी महसूल खात्यात लिपिक म्हणून लागले आणि परीक्षा देत देत मंत्रालयापर्यंत पोचले. छत्तीस वर्षांत एक कला शिकले. एखादी फाईल अंगाशी येईल असे वाटले की हिरव्या शाईने लिहायचे, ‘नियमानुसार कार्यवाही करावी.’ हो म्हटलेले नसते, नाही म्हटलेले नसते, आणि उद्या काही झाले तर हात झटकायला आपण मोकळे. या एका वाक्यावर माझ्या दोन बढत्या झाल्या. अठ्ठ्याऐंशी साली निवृत्त झाले तेव्हा केसरीनाथ घरी आले. मंत्रालयात माझ्या ओळखी आहेत, कागद लवकर हलतील, असा त्यांचा हिशेब होता. मी प्राचार्या झाले आणि ते वाक्य पेनासकट कॉलेजात घेऊन गेले.

एक्याण्णव साली साजिदा नावाच्या मुलीचा परीक्षेचा अर्ज मुदतीनंतर एक दिवसाने आला. आई आजारी, म्हणून घरच्या लूमसाठी, म्हणजे यंत्रमागासाठी, सुताच्या कांड्या भरायचे काम तिच्यावर पडले होते. कारण नमूद करून विद्यापीठाकडे शिफारस करायचा अधिकार मला होता. मी अर्ज वाचलासुद्धा नाही. हात सवयीने चालला: ‘नियमानुसार कार्यवाही करावी.’

हॉलतिकिटांच्या यादीत तिचे नाव दिसेना, तेव्हा मी आमचे लिपिक सावळाराम यांना विचारले. ते म्हणाले, “बाई, तुमीच लिवलं व्हतं ना, नियमानुसार? नियमात एक दिस न्हाय बसत. मंग मी परत पाठवला.” त्यांची काही चूक नव्हती.

मी तिच्या घरी गेले. तिचे वडील फखरुद्दीन चार लूमचे मालक. खुर्ची दिली, चहा दिला. मुलीचे कॉलेज त्यांनी बंद केले होते आणि स्थळे बघत होते. मी नियम समजावून सांगू लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “मॅडम, आमच्याकडं पन नियम हाय. धागा तुटला का लूम बंद. पन आम्ही कापड फेकून नाय देत. गाठ मारतो नि लूम चालू करतो. इतनाच काम था आपका.”

छत्तीस वर्षांत मला एवढे कोणी सुनावले नव्हते. मला लाज वाटली. ती आजही वाटते.

मी त्यांच्याकडे एक वर्ष मागितले. सकाळी अकरा ते दुपारी दोन, कांड्यांच्या कामातून सुटका असते तेवढा वेळ, साजिदाला कॉलेजच्या एका वर्गात बसवून शिकवू लागले. पाठोपाठ तिच्या ओळखीच्या मुली आल्या. पुढच्या साली ती पास झाली. मी मात्र बिघडले. पुढच्या चार वर्षांत उशिरा आलेले सतरा अर्ज शिफारशीसह पाठवले, त्यातले चौदा मान्य झाले. केसरीनाथांनी मेमो दिला की प्राचार्या नियम पाळत नाहीत. मी त्याच मेमोवर ‘वाचले’ असे लिहून परत केला. मग त्यांनी वर्गाला कुलूप लावले, आणि वर्षअखेर मलाही मोकळे केले.

तेव्हापासून त्या मुली माझ्या घराच्या तळमजल्यावर बसतात. आज एकतीस आहेत. साजिदा आता शाळेत शिक्षिका आहे, सकाळची शाळा सुटली की त्यांना शिकवायला येते. श्रीनाथला घर बिल्डरला द्यायचे आहे. मी गेले की दुसऱ्या दिवशी या मुलींच्या सतरंज्या रस्त्यावर येतील, हे मला माहीत आहे.

सबब हे घर, वरच्या दोन खोल्या आणि तळमजला मिळून, मी साजिदा फखरुद्दीन फक्की हिला कायम मालकी हक्काने देत आहे. श्रीनाथ म्हणाला, “आई, निदान ट्रस्ट तरी कर.” ट्रस्ट केला की अध्यक्ष येतो. अध्यक्षांचा मला पुरेसा अनुभव आहे. साजिदावर कोणतीही अट नाही. ती काय करील ते मला ठाऊक आहे.

कलम ५. तिचा परत गेलेला अर्ज, माझ्या हिरव्या शेऱ्यासह, तळमजल्याच्या दाराशी चौकटीत लावला आहे. तो कोणी काढू नये. मुलींनी तो वाचावा आणि पुढे अधिकारी झाल्या तर लक्षात ठेवावा.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. हरी वैद्य यांनी करावी. यापूर्वी मी केलेले कोणतेही मृत्युपत्र रद्द समजावे. निवृत्तीनंतर हिरवी शाई वापरण्याचा मला अधिकार नाही. तरी शेवटचा शेरा तिनेच देते: नियमात बसो वा न बसो, मंजूर.

भिवंडी, दि. १२ एप्रिल १९९८
(सही) सुमती द. टिपणीस

साक्षीदार १: डॉ. नीला सामंत. बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत.

साक्षीदार २: सावळाराम गोपाळ पाटील, निवृत्त लिपिक, राहणार दापोडे. बाईंनी माझ्यासमोर सही केली. हिरवी शाई नियमात बसत नाही, असे मी त्यांना सांगितले. बाई म्हणाल्या, मग परत पाठवा. मी परत पाठवलेले नाही. सही केली आहे.